पहिल्या पाळीपासून लेकीच्या अंगावरून फार जातं. रक्त न थांबण्याची तपासणी कुठे आणि कशी करावी?

बोरीकाठची, अमळनेर
२ एप्रिल २०२५

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लेक आठवीत आहे, तेरा वर्षांची. मागच्या जूनमध्ये तिला पाळी आली आणि पहिल्याच पाळीत नऊ दिवस गेलं. मला वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. श्रावणात घरी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसली होती. रोट करायला सगळ्या जावा जमलेल्या, पोरगी दुसऱ्या खोलीत वेगळी बसवलेली. संध्याकाळी मी पाणी द्यायला गेले तर खालची सतरंजी भिजलेली आणि ती भिंतीला टेकून पांढरीफटक. ‘मम्मी, मी उठले की भडाभडा जातं म्हणून उठलेच नाही,’ म्हणाली. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर दर महिन्याला आठ ते दहा दिवस. पहिले तीन दिवस दीड-दोन तासाला पॅड बदलावा लागतो. रात्री मी दोनचा आणि साडेचारचा गजर लावते. गाठी पडतात. त्या दिवसांत ती शाळेत जात नाही. फेब्रुवारीत चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. इथल्या एका खासगी दवाखान्यात दोन पिशव्या रक्त चढवलं. सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. आमच्याकडे सिकलसेलची तपासणी लगेच करतात, तीही झाली, नाही निघालं. नॉरएथिस्टेरॉनच्या म्हणजे हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात वय लहान आहे, दोन-तीन वर्षांत हार्मोन्स बसतील.

मग मी हे का विचारते आहे? रक्त चढवून झाल्यावर सिस्टरने सुई काढली. कापूस दाबून धरला तरी ती जागा पाऊण तास झिरपत होती. सिस्टर सहज म्हणाल्या, ‘हिचं रक्त थांबत का नाही हो ताई? अगोदर कधी असं झालंय?’ आणि मला एकदम तिचा दुधाचा दात आठवला. आठ वर्षांची होती. दात काढला आणि दोन रात्री उशी लाल होत राहिली. दर चैत्र-वैशाखात तिचा घोळणा फुटतो. आम्ही डोक्यावर पाणी मारतो, कांदा हुंगायला देतो. खानदेशातलं ऊन, कोणाचा नाही फुटत?

आईला फोन केला तर आजी मागून ओरडली, ‘आपला घरमा बायास्ले असंच जास, माय. त्यामा काय घाबरानं!’

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मुलांना होतो, मुलींना नाही. खरंच मुलींना रक्त न थांबण्याचा आजार होत नाही का? होत असेल तर तपासणीचं नाव काय? धुळ्याला-जळगावला होते का?

---

साक्रीची थोरली
२ एप्रिल, रात्री

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मुलींना होतो. मला आहे.

नाव आहे व्हॉन विलेब्रँड आजार. जन्मापासून असणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. मुलगा-मुलगी दोघांना सारखाच होतो, पण मुलगा कुठे कापलं-लागलं तरच कळतो. आपल्याला दर महिन्याला परीक्षा असते. रक्तात व्हॉन विलेब्रँड नावाचं एक प्रथिन असतं. रक्तवाहिनी फाटली की ते प्लेटलेटना (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींना) त्या जागी चिकटवतं, आणि आठ नंबरच्या फॅक्टरलाही (रक्त गोठवणाऱ्या घटकाला) सांभाळतं. ते कमी असेल किंवा नीट काम करत नसेल तर रक्त थांबायला वेळ लागतो. मला समजावताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, विटा आहेत पण गारा पातळ आहे. तेवढं माझ्या डोक्यात बसलं.

मला हे चौतिसाव्या वर्षी कळलं. दुसऱ्या बाळंतपणात चार पिशव्या लागल्या. सगळे म्हणाले, होतं एखादीला. घरी आले, दहाव्या दिवशी परत तसंच सुरू झालं. नंतर कळलं की गरोदरपणात हे प्रथिन आपोआप वाढतं आणि बाळंत झाल्यावर खाली येतं, म्हणून आमच्यासारखीला घरी गेल्यावरही धोका असतो. तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘दात काढला होता तेव्हा काय झालं?’ चौतीस वर्षांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्यांनी मुंबईला पाठवलं. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, रक्ताच्या आजारांची संस्था, आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची), १९५७ पासूनची. तिथे माझं निदान झालं.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखतात ते एरिक फॉन विलेब्रँड फिनलंडचे डॉक्टर. ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल त्यांनी १९२६ साली लिहिलं. त्यांच्याकडे आणलेली मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्त जाऊन ती गेली. मी हे वाचलं त्या दिवशी पोळ्या तव्यावर करपल्या.

एक काम आजपासून करा. वहीत हिशेब ठेवा. पॅडवर थोडंसं असेल तर १, मध्यम असेल तर ५, पूर्ण भिजलेला असेल तर २०. लहान गाठ १, मोठी गाठ ५, कपड्यांवर आलं तर ५. एका पाळीची बेरीज शंभरावर गेली की जास्त समजतात. माझी बेरीज ३४० आली होती. ‘खूप जातं’ म्हटलं की डॉक्टर मान हलवतात. ती वही पुढे ठेवली की पेन उचलतात.

---

शहाद्याची काकू
३ एप्रिल

पोरीला तिखट बंद करा, गरमी आहे अंगात. धने-जिऱ्याचं पाणी रात्रभर भिजवून सकाळी, सब्जा, गुलकंद. माझ्या दोन्ही मुलींना दुर्वांच्या रसाने फरक पडला होता. मशीन-तपासण्यांच्या मागे लागून पोरीला घाबरवू नका, लग्नाच्या वेळी लोक विचारतात. मायेपोटी लिहिते, राग मानू नका.

---

बोरीकाठची, अमळनेर
३ एप्रिल

काकू, राग कसला. धने-जिऱ्याचं पाणी चालूच आहे, गुलकंदही. पण ६.८ झालं तेव्हाही ते चालू होतं.

लग्नाचं म्हणाल तर मला आता एवढंच दिसतंय की तिला उद्या बाळंतपण येईल. साक्रीच्या ताईंनी लिहिलंय ते माझ्या लेकीवर कोणाला माहीत नसताना यायला नको.

---

नंदुरबारची डॉक्टर, सध्या नाशिक
४ एप्रिल

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांचं निम्मं बरोबर आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बीज दर महिन्याला सुटत नाही, त्यामुळे पाळी अनियमित आणि जास्त येऊ शकते. हे खूप मुलींमध्ये दिसतं आणि बहुतेकींचं आपोआप नीट होतं. पण पहिल्याच पाळीपासून इतकं, रक्त चढवण्याची वेळ, शिवाय दाताचा इतिहास, एवढं एकत्र आलं की ‘वय लहान आहे’ म्हणून थांबायचं नसतं. जास्त पाळीच्या मुली-बायका घेऊन जे अभ्यास झाले त्यांत पाचातल्या एकीपर्यंत कोणता ना कोणता रक्तस्रावाचा आजार सापडला आहे. हिमोफिलियाबद्दल सांगायचं तर ज्या बायका त्याच्या वाहक असतात त्यांचाही फॅक्टर कमी असू शकतो आणि त्यांनाही रक्त जातं. यंदा १७ एप्रिलच्या जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयच महिला आणि मुलींचा रक्तस्राव हा आहे.

आपल्याकडे हे का निसटतं ते सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे समोर बसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ आहे म्हटल्यावर कोणालाच दचकायला होत नाही. ‘भाज्या खात नाही, गोळ्या घेत नाही’ म्हणून लोहाची पट्टी दिली जाते आणि बाई घरी जाते. टाकीत पाणी भरत राहतो, नळ गळतो आहे का कोणी बघत नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत असंच केलं आहे, आणि त्यातल्या काही बायका आजही आठवतात.

मी आता प्रत्येकीला हे विचारते: पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, दात काढल्यावर किंवा टाके घातल्यावर रक्त थांबलं का, बाळंतपणात किंवा गर्भपातात जास्त गेलं का, महिन्यातून एक-दोनदा काही न लागता निळं पडतं का, घोळणा फुटतो का, आई-मावशी-मामाकडे असं कोणाला आहे का. दोन मिनिटं लागतात. पुस्तकात पाळीला ८० मिलीलीटरपेक्षा जास्त म्हणजे अति असं लिहिलेलं आहे, पण ते मोजणार कोण.

तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि प्लेटलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन). या तुमच्याकडेही होतील. पीटी-एपीटीटी नॉर्मल आलं म्हणून ‘काही नाही’ म्हणू नका. व्हॉन विलेब्रँडमध्ये ते पुष्कळदा नॉर्मलच येतं. त्याच्या वेगळ्या तीन तपासण्या आहेत: व्हॉन विलेब्रँड अँटिजेन (ते प्रथिन किती आहे), त्याची ॲक्टिव्हिटी (ते काम किती करतं) आणि फॅक्टर आठ. तेही नीट आलं आणि संशय उरला तर प्लेटलेटच्या कामाची तपासणी. प्लेटलेटची संख्या भरपूर असून त्या काम करत नाहीत असाही आजार असतो.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ६.८ पर्यंत गेलेल्या मुलीच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. तुम्ही लिहिलेल्या गोळीत इस्ट्रोजेन नाही. इस्ट्रोजेन असतं तर हे प्रथिन वाढलेलं दिसून आजार झाकला जाऊ शकतो. तपासणीला जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, दाखवा. निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि पोटदुखीसाठी सर्रास देतात ते मेफेनॅमिक ॲसिड टाळा, दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि कमरेत सुई घेऊ नका. आपल्याकडे तापालाही कमरेत सुई मारतात, अशा मुलीच्या स्नायूत त्याने रक्त साकळतं.

---

लॅबवाला दादा, जळगाव
४ एप्रिल

डॉक्टर मॅडमनी सगळं लिहिलं, मी फक्त नळीचं सांगतो. सतरा वर्षं लॅबमध्ये आहे आणि या तपासणीचे चुकीचे रिपोर्ट सगळ्यात जास्त इथेच जन्मतात.

हे रक्त निळ्या बुचाच्या नळीत घेतात. आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. पोरगी रडते म्हणून अर्धी भरून पाठवली तर रिपोर्ट खोटा येतो. नळी फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवायची नाही, थंडीने हे प्रथिन घटतं आणि नसलेला आजार दिसतो. चार तासांच्या आत मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर पातळ भाग) वेगळा काढायचा आणि लांब पाठवायचा असेल तर तो प्लाझ्मा गोठवूनच पाठवायचा. आता सांगा, एप्रिल-मेच्या ४४ डिग्रीत अमळनेरहून कुरिअरने गेलेल्या नळीचं काय होत असेल? तालुक्याला रक्त देऊ नका. जिथे तपासणी होते तिथे पोरीला घेऊन जा.

अजून एक. पोर घाबरलेली, रडलेली, तापातली असेल तर प्रथिन चढतं, रिपोर्ट चांगला दिसतो. अर्धा तास बसू द्या, गप्पा मारा, मग सुई. आणि रक्तगट लिहून न्या. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन मुळातच पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी असतं, वाचणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं. एका रिपोर्टवर निकाल लावू नका, सीमेवर आला तर परत करतातच.

---

बोरीकाठची, अमळनेर
८ जून

तुम्हा सगळ्यांना उशिरा लिहिते आहे. आधी आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) सांगते, कारण खरं तिथेच उलगडलं.

३० एप्रिलला आखाजीला आम्ही सगळ्या माहेरी, पारोळ्याजवळ. झोका बांधलेला, पुरणपोळी-आमरस झाला, दुपारी बाया ओसरीवर लवंडल्या. मी वही काढली. डॉक्टर ताईंचे प्रश्न मी आधीच लिहून नेले होते. आधी सगळ्या हसल्या, मास्तरीण परीक्षा घेतेय म्हणाल्या. मग मोठी मावशी बोलायला लागली आणि हसणं थांबलं.

मावशीला सात-आठ घड्या लागायच्या, विहिरीवर पहाटे अंधारात धुवायला जायची, कोणी बघू नये म्हणून. कापडाचा हिशेब कोण ठेवणार? माझ्या आईची पिशवी तेहतिसाव्या वर्षी काढली. ते मला माहीत होतं. ऑपरेशननंतर पोटात रक्त साकळून तिला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मामाची दाढ काढली तेव्हा तीन दिवस तोंडात कापूस धरून बसला होता, तो स्वतः उठून सांगायला आला. आजीची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. आजी म्हणायची तिला ‘बाहेरचं लागलं’. मी विचारलं, ‘आजी, रक्त जाऊन गेली का?’ आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘गोधडीवर गोधडी टाकी, माय. थांबनंच नही.’

वहीत सात जणांची नावं झाली. माझंही आहे. मला नेहमी आठ दिवस जायचं, मांड्यांवर निळे डाग यायचे, मी ते बाकाच्या कोपऱ्याला लागलं असेल म्हणून सोडून द्यायचे.

शाळेला सुट्टी लागल्यावर खान्देश एक्स्प्रेसने वांद्र्याला उतरलो आणि परळ गाठलं. दादा, तुमचं सांगणं पाळलं. लेकीला अर्धा तास बसवलं, नळी भरेपर्यंत मी बघत होते. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रिपोर्ट असा: व्हॉन विलेब्रँड अँटिजेन ३४ टक्के, ॲक्टिव्हिटी ३१, फॅक्टर आठ ४८. एपीटीटी नॉर्मल, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. माझं अँटिजेन ४१. पहिल्या प्रकारचा व्हॉन विलेब्रँड आजार, सौम्य. पन्नासच्या खाली आणि सोबत रक्तस्रावाचा इतिहास असला तर निदान धरतात असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. खात्रीसाठी जुलैत परत एकदा करायचं आहे. आई-बापातल्या एकाकडून आलं तरी होतो, प्रत्येक लेकराला अर्धी शक्यता. म्हणून तिच्या धाकट्या भावाचीही तपासणी करायची आहे.

उपचार ऐकून मला रडू आलं, कारण इतके साधे आहेत. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, धरलेली गुठळी लवकर विरघळू नये म्हणून. हार्मोनच्या गोळ्या वेगळ्या लिहून दिल्या. लोह चालू, कारण फेरिटिन ६ होतं. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला पुढे महिने घ्यावं लागेल. पुढे कधी दाढ, ऑपरेशन, बाळंतपण आलं तर आधी सांगायचं, रक्त थांबायला मदत करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे, बाहेरून द्यायचा फॅक्टरही आहे. निदानाचं कार्ड तिच्या दप्तरात आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं आहे.

मेमधली पाळी सहा दिवसांत आटोपली. वहीत बेरीज ११८. त्याआधीची २९० होती. मी सवयीने दोनचा गजर लावला होता, उठले तर ती गाढ झोपलेली, चादर कोरडी.

आजीला सांगितलं, उन्हानं नव्हतं, रक्तातच कमी आहे. ती म्हणाली, ‘मंग मन्ही बहीण बी...?’ मी हो म्हटलं. काकू, मी तुमचं धने-जिऱ्याचं पाणी बंद केलेलं नाही, उन्हाळ्यात बरंच वाटतं तिला.

आता एक शेवटचं विचारायचं आहे, नाशिकच्या मॅडम दिसल्या तर बरं. माझी धाकटी मावशी, एकोणचाळीस वर्षांची, तिलाही खूप जातं. सोनोग्राफीत गाठ-बिठ काही नाही, तरी तिला पिशवी काढायला सांगितलं आहे आणि २० जूनची तारीख दिली आहे. तिने तारीख पुढे ढकलली. आईचं पोटात साकळलेलं आठवून मलाच धीर होईना. तिची तपासणी पाळीच्या दिवसांतच करून घ्यावी की मध्ये? सोमवारी ती माझ्याकडे येते आहे, मंगळवारची गाडी आहे.